भट्टीच्या ज्योतीला कुठवर ऐकू येतं

गेली आठ वर्षं मी ज्योतीपुढे आवाज वाजवते आणि ज्योत त्याने कशी हलते ते उजेडाच्या मदतीने मोजते. हे वाक्य मी मामाच्या गावी किती वेळा बोलले असेन त्याला हिशेब नाही. दर वेळी समोरचा माणूस मान हलवतो आणि विचारतो, "मंग नोकरी कईं लागन?"

सुरुवातीला मी समजावून सांगायचे. मोठ्या भट्टीत किंवा इंजिनात ज्योत हलली की आवाज होतो, त्या आवाजाने ज्योत आणखी हलते, मग आवाज आणखी वाढतो. दोन जावांचं भांडण असतं तसं ते चढत जातं आणि शेवटी भांडी फुटतात. म्हणून कोणत्या आवाजाला ज्योत किती दाद देते हे आधीच मोजून ठेवावं लागतं. एवढं ऐकून माझी एक मावशी म्हणाली होती, "म्हंजे तू दिव्याले गाणे ऐकवते." त्या दिवसापासून मी समजावणं सोडलं. माझा स्वभाव तसाही फार सोशिक नाही.

त्यामुळे गेल्या वर्षी आषाढात मामाचा फोन आला तेव्हा मी खुर्चीतून उठूनच उभी राहिले. मामा फोनवर नेहमी ओरडून बोलतो आणि आपलं झालं की ठेवून देतो. तो ओरडला, "तू जाळापुढं आवाज वाजवते न? मंग ये. माह्या इज्जतीचा सवाल हाये." आणि ठेवून दिला. आठ वर्षांत घरातल्या कुणाला माझ्या विषयाची गरज पडली नव्हती. मी पुढचं काही न विचारता सुट्टीचा अर्ज टाकला.

मामा आचारी आहे. बीबी गावाच्या पुढे थोडं आत त्याचं गाव. आजूबाजूच्या दहा-पंधरा गावांत लग्न असलं की तारीख ठरायच्या आधी मामा मोकळा आहे का ते विचारतात. त्याचा खरा मान मात्र गावातल्या सप्ताहाचा. शेवटच्या दिवशी काल्याचं कीर्तन झालं की सगळं गाव पंगतीला बसतं आणि त्या पंगतीची बुंदी मामाच पाडतो. मला कळायला लागल्यापासून त्या कढईवरचा झारा दुसऱ्या कुणाच्या हातात मी पाहिला नाही.

देऊळगाव राजाला आईकडे पिशवी टाकायला गेले तेव्हा सगळी हकीकत कळली. वैशाखात गावातल्याच एका लग्नात मामाची बुंदी जळली होती. थोडीथोडकी नाही, चांगले चार घाणे मिऱ्यांसारखे काळे. वरपक्षाच्या लोकांनी ताटात ओळखून घेतली आणि खूप हसले. मामाने सगळ्यांसमोर सांगितलं की दोष डीजेचा आहे. भट्टीपासून वीस पावलांवर डीजे लावला होता, त्याच्या दणक्याने जाळ नाचत होता, नाचत्या जाळावर कुणाची बुंदी नीट होईल? यावर लोक आणखी हसले. डीजेवाला गावातलाच, दोन लेकरांचा बाप, स्वतःच्या स्पीकरच्या डब्यांना पोटच्या पोरांसारखा जपणारा माणूस. तो चिडला. सप्ताहाच्या कमिटीने बैठक घेऊन ठरवलं की यंदा जालन्याहून आचारी आणायचा.

मामाने मग कमिटीला शब्द दिला होता, "माही भाची पुन्याले ह्याच गोष्टीचं शिकली. जाळ आवाजानं हालते का नाही, थे येऊन दाखवन. हालला त झारा माह्याकडं." कमिटी हो म्हणाली. मला कुणी विचारलंच नव्हतं.

आमच्या प्रयोगशाळेत एक जुना अंतर्गोल आरसा होता, जेवणाच्या ताटाएवढा, कडेला ओरखडा पडल्यामुळे कामातून काढलेला. पुण्याहून निघतानाच तो मागून घेतला होता; आता दोन ओढण्यांत गुंडाळला आणि पुढच्या एसटीत मांडीवर घेऊन बसले. शेजारच्या बाईंना राहवेना. सिंदखेड राजाच्या अलीकडे त्या म्हणाल्या, "आरसा हाये न? दाखवा न जरा, कुंकू पुसलं का पाह्यतो." मी ओढणी बाजूला केली. अंतर्गोल आरशात जवळून चेहरा मोठा दिसतो. त्यांना आपलं नाक वाटीएवढं दिसलं. त्या उठून पुढच्या बाकावर जाऊन बसल्या.

प्रयोग मंदिराच्या सभामंडपात, भर दुपारी. मला अंधार हवा होता आणि वारा नको होता, म्हणून चारी बाजूंनी ताडपत्र्या बांधल्या आणि पंखे बंद केले. आत शंभरेक माणसं. एका टोकाला आरसा, दुसऱ्या टोकाला टाचणीच्या टोकाएवढं भोक पाडलेल्या पत्र्यामागे एक छोटा दिवा. दिव्याचा उजेड आरशावर जाऊन परत येतो आणि जिथे एका ठिपक्यात गोळा होतो, तिथे मामाच्या दाढीचं पातं उभं करायचं, त्या ठिपक्याला निम्मं कापेल असं. हवा तापली की तिच्यातून जाणारा उजेड किंचित वाकतो. वाकलेला उजेड पात्यावर अडकतो किंवा पात्याला चुकवून निघून जातो, आणि त्यामुळे एरवी न दिसणारी गरम हवा सावल्यांसारखी दिसायला लागते. पात्यामागे माझा मोबाइल, आणि मोबाइलमधलं चित्र डीजेवाल्याच्या लग्नातल्या मोठ्या एलईडी पडद्यावर. पडदा त्यानेच आणून दिला होता. तो म्हणाला होता, "होऊन जाऊ द्या. दूध का दूध, पानी का पानी."

चित्र नीट येतं का ते पाहायला मी कमिटीच्या अध्यक्षांना आरशापुढे हात धरायला सांगितलं. पडद्यावर त्यांचा पंजा काळा दिसला आणि बोटांमधून धुरासारखं काहीतरी वर जाताना दिसलं. सगळा मंडप पुढे सरकला.

"हे काय निघून राह्यलं माह्या हातातून?" अध्यक्ष दचकून म्हणाले.

"गरम हवा आहे. सगळ्यांच्याच अंगातून निघते."

"अध्यक्षाची गरमी गावाले म्हाईत हाये," मामा मागून म्हणाला. "त्याच्यासाठी मशीन कायले पाह्यजे?"

पुढची दहा मिनिटं प्रत्येकाने आपापली गरमी पाहून घेतली. एका आजोबांच्या हातातून फारसं काही निघेना तर ते काळजीत पडले. मी त्यांना हात अंगरख्यावर चोळायला लावला तेव्हा कुठे निघालं.

मग मी मामाच्या गॅसभट्टीतलं एकच तोंड वेगळं काढून आरशापुढे लावलं. बोटाएवढी निळी ज्योत. तिच्या बाजूला एक छोटा सेन्सर, फक्त निळा उजेड पाहणारा, कारण त्या निळ्या उजेडावरून त्या क्षणी किती गॅस जळतोय याचा अंदाज येतो. त्याची रेघ लॅपटॉपवर. समोर डीजेवाल्याचा सर्वांत मोठा डबा. मी त्याला सांगितलं, आवाज एकदम बारीक ठेवा, मी सांगेन तसा वाढवा.

डीजेवाल्यांना बारीक ही गोष्ट ठाऊक नसते. त्याने बटण फिरवलं, मंडप धडाडला, ताडपत्रीच्या घडीत साचलेलं पावसाचं पाणी कमिटीच्या अंगावर पडलं आणि ज्योत विझली.

"झालं सिद्ध!" मामा ओरडला.

"हे सिद्ध नाही, मामा. ही फुंकर आहे."

"फुंकर काय न आवाज काय, इझली न?"

मी चिडले. एवढा आरसा मांडीवर घेऊन आले ती काय ज्योत विझवायला? डीजेवाल्याला बाजूला सारून बटण माझ्या हातात घेतलं आणि ज्योत पुन्हा पेटवली. अगदी हळू, जाड, घुमणारा एकच सूर लावला. नुसत्या डोळ्यांना ज्योत जरा थरथरल्यासारखी दिसत होती. मोबाइलवर चित्र संथ करून पडद्यावर सोडलं. ज्योत आखडत होती, लांबत होती, तिच्या दोन्ही अंगांनी गरम हवेची वेटोळी सुटून वर चढत होती, सुराच्या प्रत्येक ठोक्याला एक. लॅपटॉपवरची रेघ त्याच तालात वरखाली. माझ्या प्रयोगशाळेत हे चित्र मी हजारदा पाहिलं असेल, पण कुणी त्याला टाळ्या वाजवल्या नव्हत्या. इथे वाजल्या. मला फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

"हालला!" मामा म्हणाला. "हालला का नाही?"

"हालला," अध्यक्ष म्हणाले.

"हालला, परंतु," मी म्हणाले. मला सांगायचं होतं की ज्योत नाचते तेव्हा एका क्षणी जास्त जळतं आणि पुढच्या क्षणी कमी. एकूण आच फारशी बदलत नाही, आणि तेवढ्याने कढईभर तेलाला काही कळतही नाही. पण माझा 'परंतु' टाळ्यांत गेला. पुन्हा म्हणाले, तर मामीने मला पाणी आणून दिलं.

डीजेवाला एकटा टाळ्या वाजवत नव्हता. मग म्हणाला, "ताई, सारा दोष ढोलाचाच काऊन? बारीक आवाज बी असते गाण्यात. थे बी दाखवा."

त्याचं बरोबर होतं. मी सूर हळूहळू चढवत नेला. ज्योत जाड सुरांना दाद देते, सूर बारीक होत गेला की तिचं लक्ष उडतं. थोड्याच वेळात रेघ सपाट झाली, पडद्यावरची वेटोळी थांबली आणि ज्योत शहाण्यासारखी सरळ उभी राहिली.

"आता आवाज चालू हाये, पन जाळ गप," मामाने सगळ्यांना समजावलं. तो एव्हाना माझा मदतनीस झाला होता.

मी आणखी चढवलं. सूर शिट्टीसारखा झाला, मग दातांत कळ उठेल इतका बारीक. पुढच्या रांगेतल्या लोकांनी कानात बोटं घातली. बाहेर कुठेतरी कुत्रं केकाटलं. अध्यक्ष तोंड वाकडं करून खाली बसले. आणि मामा, जाळाकडे पाहत, कमरेवर हात ठेवून, सगळ्या मंडपात एकटा सुखी माणूस, डीजेवाल्याला म्हणाला, "काऊन बे, बंद काऊन केलं?"

लोक खो खो हसले. त्यांना वाटलं, मामा डीजेवाल्याची टर उडवतोय. मी हसू शकले नाही. कुठल्या सुरानंतर समोरचा दाद देणं सोडतो, हे शोधणं हेच माझं काम आहे, आणि ते मी नको असताना शोधून बसले होते. मी मामीकडे पाहिलं. ती खाली बघून पदराचं टोक पिळत होती.

निकाल लागला. झारा मामाकडे. शिवाय गावात लग्नाला डीजे बंद, हे अध्यक्षांनी आपल्या मनानेच जोडलं, कारण त्यांचा सदरा ओला झाला होता. डीजेवाल्याने वायर गुंडाळली.

घरी आल्यावर मामा गल्लीत बसून आरशाचं वर्णन करत होता, तेवढ्यात मी मामीला स्वयंपाकघरात गाठलं. मला काही विचारावंच लागलं नाही.

"दोन सालापासून," ती म्हणाली. "आवाज येते त्याईले, पन बोलनं निम्मंच समजते. कुकरची शिट्टी त अजिबातच नाही. मागच्या बारशाले कुठं डीजे होता? तईबी जळली. म्या वरवरची जळकी काढून म्हशीपुढं टाकली."

"मग बोलली का नाहीस कुणाला?"

"आचाऱ्याचा कान गेला म्हनजे काय राह्यलं?"

हे मलाही ठाऊक होतं. मामा बुंदी कानाने तळतो. पीठ झाऱ्यातून तेलात पडलं की चर्र होतं, आतलं पाणी उडत जातं तसा तो चर्र आवाज बारीक बारीक होत जातो, आणि तो विरायच्या नेमक्या क्षणी काढायची. लहानपणी मी पाहिलंय, मामा कढईकडे पाठ करून तंबाखू मळत बसायचा आणि मध्येच म्हणायचा, "काढ." ती बुंदी प्रत्येक वेळी सारख्या रंगाची निघायची. लोक ते पाहायला यायचे.

काला आठ दिवसांवर होता. झारा मी मिळवून दिला होता, टाळ्या मी घेतल्या होत्या, आणि आता मामा भर गावासमोर कढईच्या कढई जाळणार होता. तिथून निघून पुण्याला पळून जावं असं मला मनापासून वाटलं. पण सकाळी उठून मामालाच सगळं सांगितलं.

मामा इतका भडकला की शेजारची म्हातारी बाहेर आली. "मले आयकू येत नाही? मले? डीजेवाल्यानं शिकवून धाडलं का तुले?" मग स्वतःच लहान कढई चढवली, पीठ कालवलं, झारा माझ्या हातात दिला आणि पाठ करून बसला. "टाक. मी सांगतो."

मी टाकली. चर्र झालं, बारीक झालं, विरलं. मामा गप्प. बुंदी तांबूस झाली, तपकिरी झाली. मग जळका वास आला आणि तो म्हणाला, "काढ."

वळून कढईत पाहिलं. "पुन्हा टाक," म्हणाला. पुन्हा तेच झालं. तिसऱ्यांदा त्याने अंदाजाने फार लवकर सांगितलं आणि कच्ची निघाली. मामा घमेलं पालथं घालून त्यावर बसला. मी आजवर केलेल्या मोजमापांत इतकं नको वाटलेलं दुसरं नाही. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

मग तो म्हणाला, "तुह्या त्या फोनमंदी तेल दिसते का?"

"कसलं तेल?"

"तू जाळ हळू करून दाखवला न. मंग तेल बी हळू करून दाखव."

मी कढईवर मोबाइल धरला, मामीने घाणा टाकला. संथ केलेलं चित्र मामाने नाकाशी धरून पाहिलं. पहिल्यांदा तेल पांढऱ्या फेसाने भरून जातं, प्रत्येक दाण्याभोवती बुडबुड्यांची झालर. मग बुडबुडे लहान होतात, विरळ होतात. आवाज विरतो त्याच वेळी प्रत्येक दाण्याला जेमतेम चार-दोन मणी चिकटून राहतात आणि दाणा तेलात आपलं अंग फिरवतो. मामाने ते दहा-बारा वेळा पाहिलं.

"हात्तीच्या," तो म्हणाला. "हे त तीस सालापासून डोयापुढं होतं. कधी पाह्यलंच नाही म्या. कान होते न, मंग पाह्याची गरजच काय पडली?"

पुढचे सात दिवस त्या गल्लीने बुंदीशिवाय काही खाल्लं नाही. मामा कढईसमोर तोंड करून बसायचा आणि डोळ्याची पापणी लवू द्यायचा नाही. पहिल्या दिवशी निम्मी जळली. चौथ्या दिवशी म्हशीनेही बुंदीकडे तोंड फिरवलं. सहाव्या दिवशी रंग एकसारखा आला. मी मध्येच माझं ज्ञान सांगायला गेले की तेलाचं तापमान मोजायला सेन्सर लावू या, तर त्याने मला कढईपासून उठवलं.

काल्याच्या दिवशी बुंदी उतरली. सोन्यासारखी, एकाही दाण्याला डाग नाही. पंगत बसली, पत्रावळी मांडल्या. अध्यक्ष म्हणाले, चला वाढा. मामा हात पुसत पुढे गेला आणि कीर्तनकारांच्या जागी जाऊन माईक हातात घेतला. लग्नातला डीजे बंद झाला असला तरी कीर्तनाचा माईक त्या डीजेवाल्याचाच होता. तो कोपऱ्यात आपल्या यंत्राशी बसला होता.

"गावकरी मंडळी," मामा ओरडला. माईकची गरज नव्हतीच. "वैशाखातली बुंदी म्या जाळली. डीजेनं नाही. मले बारीक आवाज आयकू येत नाही, आन् मले थे कबूल कराचं नव्हतं. माह्यापाई ह्या मानसाची कामं बंद झाली. आजची बुंदी डोयानं पाहून तळली हाये. जळकी लागली त तोंडावर सांगा. पन ह्याचा डीजे चालू करा."

मी त्या क्षणी कुठे पाहावं ते मला कळेना. मामी पुऱ्यांच्या टोपल्यामागे गेली. सगळी पंगत एकदम बोलायला लागली. कोपऱ्यातून डीजेवाला उठून काहीतरी म्हणाला. मामाने कानामागे हात धरला, पुन्हा विचारलं, तो पुन्हा म्हणाला, मामाने माझ्याकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर नुसती भीती होती, शिव्या पडल्या की काय याची.

मी सांगणार तोच डीजेवाला खाली बसला, यंत्राची बारीक सुरांची दोन बटणं पार टोकापर्यंत फिरवली आणि आपला माईक तोंडाशी धरला. भोंग्यांतून असा टोकदार, किरकिरा आवाज निघाला की बायकांनी पदर कानावर ओढले आणि अध्यक्षांच्या हातातला पाण्याचा तांब्या कलंडला. एकेक शब्द सुटा करत तो म्हणाला, "काका. बुंदी. वाढा. भूक. लागली."

"हाव बे," मामा म्हणाला. "आता समजलं."

मग टोपलं उचललं आणि पंगतीचं पहिलं पान सोडून सरळ त्या कोपऱ्यात गेला.